पेरणी राहिली तरी प्रस्थान चुकत नाही

वारीला निघायची वेळ आणि पेरणीचा हंगाम नेमका एकत्र येतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून माउलींची. त्या वेळी कधी मृग नुकताच लागलेला असतो, कधी आर्द्रा सरत आलेली असते, आणि आभाळाचा भरवसा कधीच नसतो. त्यामुळे आळंदीत दिंडी जमली की एकमेकांना विचारायचा पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो, "माउली, तुमच्याकडं झाला का?" हाच असतो. २०२३ साली माउलींचं प्रस्थान ११ जूनला झालं आणि एकादशी २९ जूनला होती. मोसमी पाऊस राज्यभर पसरला तो थेट जूनच्या शेवटच्या आठवड्यात. जवळजवळ सगळी वाट कोरड्या ढेकळांच्या कडेनं चालून काढली.

"विठोबावर भार टाकून आलो" असं त्या वर्षीही सगळे म्हणत होते. पण टाकायचा भार आधी नीट बांधावा लागतो. घरचं काहीच न ठरवता निघालेला माणूस पुण्यापर्यंत भजन म्हणतो आणि सासवडपासून फोन कानाला लावून चालतो.

बांधायचा कसा, तर निघण्याच्या आठवडाभर आधी घरच्या सोयाबीनच्या शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडाव्यात, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावं, सुकू देऊ नये. सहाव्या-सातव्या दिवशी सत्तर किंवा जास्त कोंब चांगले निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. साठच निघाले तर ३५ किलोच्या आसपास धरावं. हा आकडा कागदावर लिहून बियाण्याच्या पोत्याला बांधूनच निघावं. दुसरं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ ठेवायची नाही, म्हणजे पेरायला घ्यायचं नाही, हे मागं राहणाऱ्याला बजावून सांगावं. इथं एक गफलत नेहमी होते. बातमीत येतो तो पाऊस महसूल मंडळाचा असतो, आपल्या शिवाराचा नव्हे. मंडळात ८० मिलिमीटर आणि आपल्या बांधावर नुसता शिडकावा, हे दरवर्षीचं आहे. म्हणून खुरप्यानं उकरून बघायचं. ओल वीतभर गेली असेल तरच पेरायचं. वरच्या चार बोटांच्या ओलीवर पेरलं की बी उगवतं, पण मुळाला खाली कोरडं लागतं, आठ दिवस उघडीप पडली की रोप माना टाकतं आणि दुबार पेरणी कपाळी येते.

एवढं सांगून झालं की निर्णय घरी राहणाऱ्याचा, मग ती बायको असो, भाऊ असो की सून. वाटेवरून "थांब, अजून दोन दिवस बघ" असं सांगायचं नाही. हे पाळायला अडीचशे किलोमीटर चालण्यापेक्षा अवघड जातं. विश्वास म्हणजे काय याची पहिली परीक्षा माझ्या मते इथंच होते, देवळात नाही. देवावर हवाला ठेवणारा माणूस आपल्याच घरातल्या माणसावर ठेवत नसेल तर तो हवाला कसला?

चालताना मात्र ठरवण्यासारखं काही उरत नाही, आणि तेच औषध आहे. पालखी कधी निघणार, कुठं विसावा, कुठं मुक्काम, सगळं आधीच ठरलेलं. लोणंदचा मुक्काम कधी कमी, कधी जास्त होतो तोही तिथीच्या क्षय-वृद्धीनं, कुणाच्या मर्जीनं नाही. दिंडीत पुढं पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, मागं विणेकरी, त्यामागं तुळस घेतलेल्या बायका. टाळाचा ठेका हाच पायाचा वेग. नवखा माणूस पहिल्या दिवशी उत्साहात दिंडी सोडून पुढं पळतो आणि संध्याकाळी हरवतो. म्हणून प्रत्येकानं खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी ठेवावी: नाव, गाव, घरचा नंबर, दिंडीचा क्रमांक, आणि ती पालखीच्या रथापुढची की रथामागची. हे शेवटचं लोक विसरतात. रथापुढंही पाच नंबर असतो आणि रथामागंही. फोनवर विसंबू नये, संध्याकाळी एका बोर्डाला तीस चार्जर लटकलेले असतात.

पायाचं थोडक्यात. नवी चप्पल आणू नका, निदान महिनाभर वापरलेली हवी. फोड येतो तो ओला मोजा आणि घासणारा पट्टा यांमुळे. आलाच तर कातडी ओढून काढायची नाही, वर स्वच्छ पट्टी बांधायची. मांड्या घासतात तिथं सकाळीच खोबरेल तेल. खांद्यावर तीन किलोच्या वर ओझं नको, बाकी सगळं दिंडीच्या ट्रकमध्ये.

सगळ्यात कस लागतो पुणे ते सासवड या टप्प्यात. सुमारे तीस किलोमीटर, त्यात दिवे घाट, आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी. वडकीचा विसावा संपला की चढ लागतो, रथाला जादा बैलजोड्या जोडतात. इथंच मधुमेहाची माणसं पडतात. गोळी घेतलेली, पोटात फराळाचे दोन घास, वरून ऊन. घाम सुटला, हात थरथरले, बोलणं तुटक झालं की लगेच गूळ किंवा साखर तोंडात द्यायची, मग विचारपूस. आपला उपास मोडला म्हणून अशी माणसं रडायला लागतात, तेव्हा विणेकऱ्यांनी शेजारी बसून त्यांना जेवायला लावलेलं चांगलं. नुसतं पाणी पीत राहूनही भागत नाही. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घोटघोट प्यायचं.

दिवसा काळजी फारशी फिरकत नाही. ती रात्री नऊनंतर येते, राहुटीत अंग टेकलं की. शेजारचा कूस बदलत असतो, उठून बाहेर जातो, आभाळ बघून येतो. आमच्या दिंडीत अशा माणसाला समजावत बसायचं नाही, त्याच्या गळ्यात वीणा द्यायची. वीणा खाली ठेवायची नसते, पहारा चालूच ठेवायचा असतो, म्हणून कुणीतरी जागं लागतंच. तार छेडत उभं राहायचं, नाम घ्यायचं, दुसरा येईपर्यंत हलायचं नाही. हातात वीणा असताना खिशातला फोन काढता येत नाही, हाही फायदा लहान नाही. काळजी त्यानं संपत नाही. पण तासाभरानं वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन तो माणूस येतो आणि घोरायला लागतो.

आणि तक्रार करायचीच नाही असंही वारीत नाही. मुक्कामी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, तेव्हाच ते थांबतात. मग हरवल्या-सापडल्याची यादी. चष्मा, टाळ, पाकीट, एखादं माणूस. देवाच्या दारी मुकाट सोसणं म्हणजेच श्रद्धा असं सांगणाऱ्यांनी ही आरती एकदा बघावी.

पाऊस पडावा म्हणून नवस बोलून आलेलेही वाटेत भेटतात. वारकऱ्याला नवस मानवत नाही. पाऊस आला तर वारी, नाही तर नाही, असा हा व्यवहारच नाही. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, पायी वाट बंद. तेव्हा माळकरी घरीच रोजचा काकडा, हरिपाठ करत राहिले. नेम तोच होता, पाय तेवढे घरात होते.

वाखरीहून पंढरपुरात शिरलं की पहिल्यांदा येणाऱ्याला धक्का बसतो. एकादशीला पदस्पर्शाची रांग कित्येक तासांची, कधी अख्ख्या दिवसाहूनही लांब. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीला डोकं, लांबून कळसाला हात, एवढ्यावरच बरेच जण परततात. ज्यांना जमतं ते पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊन निघतात.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा कुणी सोडत नाही. तांबूस भुईत पेरणीचे तास दिसतात का, कोंब वर आलेत का, डबक्यात पाणी आहे का, हे बघत गाडी एकेक तालुका ओलांडते. मध्येच कुणीतरी म्हणतं, "इकडं झालाय." मागच्या बाकावरून कुणीतरी "रामकृष्णहरी" म्हणतं, आणि सगळे पुन्हा बाहेर बघायला लागतात.