आमची वाटचाल : उरलेल्या तुकड्यांचे बैल

बरेच जण विचारतात ताई तुम्ही साठ रुपयात लाकडी बैल देता तरी कसा, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

माझ्या मिस्टरांचं लकडगंजला फर्निचरचं वर्कशॉप आहे. नागपूरच्या लोकांना लकडगंज काय सांगायचं, आरामशीन, टाल आणि सगळीकडे भुसा. आमच्याकडे किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, टीव्ही युनिट असंच काम असते. आठ बाय चारच्या शीटमधून शटर, कप्पे कापून झाले की हातभर पट्ट्या आणि त्रिकोणी कोपरे उरतात, ते गोणीत भरायचे आणि गोणी बाहेर. कोणी थंडीत पेटवायला नेलं तर नेलं, पण प्लाय जाळला की गोंदाचा धूर असा डोळ्यात जातो की दुसऱ्यांदा कोणी मागायला येत नाही.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, जुने सुतार. हात थरथरतो म्हणून आता मशीनवर बसत नाहीत. एका पोळ्याला त्यांनी नातवासाठी सागाच्या तुकड्याचा बैल केला, तो पाहून मोहल्ल्यातले पोट्टे जमले, आजोबा मला पण, आजोबा मला पण. आठ दिवसात अकरा बैल झाले, सगळे फुकट वाटले.

बाहेरगावच्यांसाठी सांगते, पोळा श्रावण अमावस्येला, तो खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा, तो लेकरांचा. राजे रघुजी भोसले दुसरे यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं इथे सांगतात. लेकरं लाकडी बैल सजवून घरोघरी फिरतात आणि त्यांना बोजारा मिळतो, कोणी पैसे देते, कोणी खाऊ. त्याच दिवशी महाल-इतवारीकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्यामुळे गर्दी विचारूच नका.

तर पुढच्या वर्षी त्याच गर्दीत बैल बघत फिरत होते. सागाचे मोठे नंदी हजारोंच्या घरात. माझ्या शेजारी एक बाई दोन पोरांना घेऊन उभी, तिने बराच वेळ भाव केला आणि शेवटी एकच बैल घेतला, मोठ्याला म्हणाली दोघं मिळून ओढा रे. लहान्याने तिथेच रडायला सुरुवात केली. तो चेहरा अजून डोळ्यासमोर आहे माझ्या. घरी येऊन मिस्टरांना म्हटलं आपल्याकडे गोण्या भरून लाकूड पडलेलं आहे न, दोन पोरांना दोन बैल घेता येतील अशा किमतीत करू. आमचं युनिट तिथून सुरू झालं.

पहिल्याच वर्षी फसलो. दीडशे बैल ऐन पावसात केले, रंग मारला, बाहेरून मस्त सुकल्यासारखे दिसले आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी चाकं फिरेनात! चाकाचा दांडा आणि छिद्र एकाच मापाचं ठेवलेलं, दमट हवेने दोन्ही फुगले. मामाजी म्हणाले, "अवं बाई, पावसाळ्यात लाकूड फुगते हे तुले मी सांगतलं नव्हतं का?" सांगितलं होतं, मीच घाई केली. रात्रभर बसून दीडशे बैलांची सहाशे चाकं काढली आणि छिद्रं मोठी केली. तेव्हापासून ६ एमएमच्या दांड्याला चाकाचं छिद्र ७ एमएमचं असते आणि लाकूडकाम सगळं मे महिन्यातच होते, नागपूरचं ऊन पंचेचाळीसला जाते ते आम्हाला उपयोगाचंच. पावसाळ्यात फक्त झूल, घुंगरू आणि पॅकिंग.

आता किमतीचं. खर्च वाचतो तो तुकडे निवडण्यात. आधी मी डिझाइन ठरवायचे आणि मग त्या मापाचा तुकडा शोधत बसायचे, म्हणजे चांगल्यातला चांगला तुकडा कापून पुन्हा कचराच तयार. मामाजींनी ते उलटं करून दिलं, आधी गोणी ओता आणि तुकडा काय म्हणते ते बघा. १८ एमएम प्लायचा कोपरा मिळाला तर बैलाचं अंग, पातळ पट्टी असेल तर शिंगं आणि कान, होल सॉने, म्हणजे गोल कापणाऱ्या पात्याने काढलेले गोल म्हणजे चाकं, त्यांना मधोमध छिद्र आयतंच मिळते, फक्त ते ७ एमएमचं करून घ्यायचं. साग वेगळा ठेवतो कारण त्यात तेल असते, रंग नीट धरत नाही, थिनरने पुसून घ्यावा लागते. त्यापेक्षा त्याला चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, आतला रंग सुंदर दिसतो. आणि अख्ख्या लाकडातून बैल कापताना लाकडाच्या धाग्याची रेषा पायाच्या लांबीने उभी गेली पाहिजे, आडवी गेली की पहिल्याच दगडावर पाय तुटला म्हणून समजा. प्लायला ती भीती नाही, त्याचे थर एकमेकांवर आडवे-उभे असतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, पोळ्याला बिलकुल वापरत नाही, एका पावसात फुगून पापड होते, तो दिवाळीसाठी.

मागणी वाढली तसे बुटीबोरी एमआयडीसीतून पाइनचे तुटके पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी आणू लागलो. पॅलेटवर शिक्का असतो तो मी स्वतः बघते. एचटी असेल तर लाकूड ५६ डिग्रीवर ३० मिनिटं तापवलेलं, ते चालते. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, तो लेकरांच्या खेळण्याला नको म्हणजे नकोच, फुकट मिळाला तरी.

२०२१ मध्ये एका दुकानदाराने ऑर्डर घेतली आणि ऐन वेळी आयएसआय मार्क कुठे आहे म्हणून सगळा माल परत पाठवला. फार रडले मी त्या दिवशी, आमच्याकडे काम करणाऱ्या बायकांचे पैसे द्यायचे होते. मग चौकशी केल्यावर कळलं की १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो मार्क लागतोच, पण हस्तकला आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या मालाला सूट आहे. मामाजींचं आणि आमच्याकडच्या चौघींचं कारागीर कार्ड काढलं. छोटं काम करणाऱ्यांनी हे आधी करा, माझ्यासारखं नंतर धावू नका.

पोळा संपला की पणती स्टँड, प्लायच्या पट्ट्यांचे आकाशकंदील, मग संक्रांतीच्या वाणाला मोबाईल स्टँड वीस रुपयात, शंभर नग घेणाऱ्या बायका असतात. पाडव्याला टेबलावर ठेवायची वीतभर गुढी. अगदी बारीक तुकडे उरतात त्यांची कीचेन होते आणि भुसा कुंभारदादा भट्टीसाठी नेतात.

पण जीव बैलातच आहे. मागच्या तान्ह्या पोळ्याला एक बाई दोन पोरं घेऊन आली, दोघांनी दोन बैल निवडले, लहान्याने पिवळ्या शिंगांचा. तिने विचारलं एकशेवीसच न, पर्समधून पैसे काढले, आणि पोरं दोऱ्या ओढत गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेली, चाकांचा खडखड आवाज दुकानात बसून ऐकत होते मी. आता गच्चीवर चारशे अंगं वाळत घातली आहेत, मामाजी रोज संध्याकाळी वर जाऊन एकेक उलटी करतात.