ती ट्यूब

"ये किसने दी?" डॉक्टरांनी मुरमांवरच्या क्रीमची ट्यूब उलटसुलट करत विचारलं.

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या मेडिकलमधून मीच आणली होती. शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून. आत स्टेरॉइड! पहिले पंधरा दिवस पोरीचा चेहरा असा काही उजळला की मी चार जणींना सांगत सुटले. लावणं थांबवलं आणि मुरमं दुप्पट.

मग डॉक्टरांनी दोन बोटांनी तिच्या गालाची कातडी ताणली, हातात आरसा दिला. मुरमांचे काही खड्डे गायब, काही तसेच. "जो मिट गए, वो नीचे से बँधे हैं." ते सुईनं आतून सोडवतात, सबसिजन म्हणे. टोकदार, खोल खड्ड्यांत टीसीए नावाच्या तीव्र अ‍ॅसिडचा थेंब. शिवाय मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), लेसर. पण हे सगळं नंतर, आधी नवीन मुरमं थांबायला हवीत. रात्री अ‍ॅडापलीन, सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड, दोन्ही मुरमांवर लावायची औषधं (टॉवेल पांढराच घ्या, रंगीत विटतो), आणि फरक दिसायला 8 ते 12 आठवडे. एवढा धीर आमच्या घराण्यात कुणाला नाही. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या लागल्याच तर पाहू. त्या चालू असताना दिवस राहिले तर बाळात व्यंग येऊ शकतं, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं.

येताना पोहे-जलेबी घेतली. मला वाटलं, आता ही बोलणार मला. तर म्हणाली, "मावशी, त्या काकू अजून लावतात ना गं?"

संध्याकाळपासून फोन हातात घेऊन बसलेय. काय म्हणून सुरुवात करू?