हिरडा-तुरटीचा मांजरपाट : तिसरी खेप

मांजरपाटाला हिरडा आणि तुरटी देऊन घामाचा कुबट वास रोखता येतो का, याचा प्रयोग चालू आहे. दुसऱ्या खेपेचं कापड राखाडी का पडलं त्याचा उलगडा झाला. दोष विहिरीच्या पाण्याचा. रत्नागिरीकडे जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात लोह उतरतं आणि हिरड्यातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, त्याची गाठ पडली की काळसर रंग तयार होतो. जुनी काळी शाई अशीच व्हायची! पारख सोपी: गाळलेला हिरड्याचा काढा चमचाभर, पेलाभर पाण्यात. पिवळट राहिलं तर चालेल, निळसर-करडं झालं तर ते पाणी बाद. या खेपेला कौलांच्या पागोळ्यांचं पाणी धरलं, पहिल्या सरी सोडून. पत्र्याचं नको, गंज उतरतो.

कोरा मांजरपाट, सुका १०० ग्रॅम. दर टप्प्याला पाणी २ लिटर. धुण्याचा सोडा १० ग्रॅम घालून तासभर उकळला. पाणी चहासारखं झालं, म्हणजे कापसावरचं मेण आणि पेक्टिन निघालं. इथे घाई नडते. मेण राहिलं की टॅनिन आत शिरत नाही, रंग ठिगळाठिगळांनी चढतो. कापड स्वच्छ पाण्यातून काढून वाळवायचं आणि वर एक थेंब सोडायचा. टाकताच जिरला पाहिजे. मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा चुलीवर.

मग हिरड्याची पूड २० ग्रॅम, कोमट पाण्यात कापड रात्रभर. न खळबळता पिळून पंख्याखाली वाळवलं. पावसाळी हवेत दोरीवर ठेवलं तर सुकण्याआधी बुरशी धरते. शेवटी तुरटी १५ ग्रॅम, स्टीलच्या पातेल्यात, ५०-६० अंशांवर तासभर. लोखंडी कढई अर्थातच नको. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम टॅनिनला धाग्याशी बांधतं. नुसता हिरडा धुण्यात बराचसा निघून जातो.

कोरा आणि प्रक्रियेचा तुकडा, दोन्ही घामट ओले करून तीन दिवस बंद पिशवीत ठेवले. कोरा कुबट, दुसऱ्याला हिरड्याचाच तुरट वास. एवढ्यावरून ‘जंतुनाशक कापड’ म्हणू नये. वास आणि जिवाणूंची संख्या या वेगळ्या गोष्टी. संख्या मोजायला आयएसओ २०७४३ सारखी प्रयोगशाळेतली चाचणी लागते. घरी जिवाणू वाढवायच्या फंदात पडू नये.

धुणं रिठ्याचंच. एक पट्टी कपड्याच्या पावडरीत बुडवली तर पाणी लगेच तपकिरी झालं, पावडरीतल्या अल्कलीने (क्षाराने) टॅनिन सुटलं. रिठ्याने पाच वेळा धुतलेला तुकडा आता पिशवीत आहे, दहाव्या धुण्याचा दोरीवर.