तुम्ही विचारलंत म्हणून: दोन्ही बाजू शिकवायला काय हरकत आहे?

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मी जीवशास्त्र शिकवते हे कळलं की हा प्रश्न येतोच. इथले मराठी पालक विचारतात, पुण्याचे नातेवाईक फोनवर विचारतात. ‘उत्क्रांती शिकवा की, पण सोबत इंटेलिजंट डिझाइनही सांगा. मुलं हुशार आहेत, त्यांचं ती ठरवतील. दोन्ही बाजू ठेवायला काय हरकत आहे?’ विचारणारी माणसं समंजस असतात, म्हणून तोडून उत्तर देववत नाही, आणि चहा संपेपर्यंत नीट उत्तर होत नाही. आज देते. डार्विन म्हणाला, सजीव समान पूर्वजांपासून हळूहळू बदलत आले; डिझाइनवाले म्हणतात, ते कोणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले. एवढं तुम्हाला माहीत आहे, बाकी तपशील सोडून देते.

माझी हरकत एकच आहे. दुसरी बाजू वर्गात न्यायची, तर न्यायचं काय?

एका तासाचं उदाहरण घ्या. माणसात ४६ गुणसूत्रं असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटानमध्ये ४८. पूर्वज एकच असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? एवढी जनुकं नुसती गळून पडली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली असणार. इथे मी थांबते आणि मुलांना विचारते, तसं झालं असेल तर आज काय सापडायला हवं? बहुतेक वर्गांत उत्तर मुलंच काढतात. गुणसूत्राच्या टोकांना टेलोमिअर असतात, तिथे डीएनएची टी-टी-ए-जी-जी-जी ही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. जोड असेल तर ती टोकाऐवजी मध्येच सापडायला हवीत, आणि जोडाच्या पलीकडे तोच क्रम उलटून सी-सी-सी-टी-ए-ए असा वाचता यायला हवा. शिवाय सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा आवळलेला भाग, एरवी एकच असतो) दोन हवेत, त्यातला एक बंद पडलेला. मग अक्षरांचा छापील कागद हातात देते आणि पेन्सिलीने जोड शोधायला लावते. मानवी गुणसूत्र क्रमांक २ वर हे सगळं आहे. जोडाची जागा १९९१ साली प्रसिद्ध झाली.

या तासाला दोन ठिकाणी गाडी अडते. मुलांना अक्षरांची माळ अगदी नीट मिळेल असं वाटत असतं, प्रत्यक्षात अक्षरं गाळलेली, बदललेली दिसतात. कारण तिथे टेलोमिअरला आता टोक सांभाळायचं काम नाही, त्यामुळे उत्परिवर्तनं साचत गेली. दुसरं म्हणजे कोणीतरी हमखास म्हणतं, ‘म्हणजे आपण चिंपांझीपासून झालो.’ नाही. वाटा वेगळ्या झाल्यावर जोड आपल्या वाटेवर झाला, त्यांची ४८ राहिली. हे फळ्यावर फांद्या काढून दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, नाहीतर तो समज आयुष्यभर टिकतो.

आता याच तासाला डिझाइनच्या बाजूने काय देऊ? रचनाकाराने ४६ ठेवली असती तरी चाललं असतं, ४८ ठेवली असती तरी. जोड सापडला तरी त्याची इच्छा, नाही सापडला तरी त्याचीच. मुलांनी पेन्सिलीने शोधायचं काय?

तुम्ही म्हणाल, हे माझं मत झालं. म्हणून डोव्हरचा खटला. पेन्सिल्व्हेनियातल्या या गावाच्या शाळा मंडळाने १८ ऑक्टोबर २००४ ला ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला, आणि नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात चार परिच्छेदांचं निवेदन वाचायचं ठरलं. डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत, इंटेलिजंट डिझाइन हे वेगळं स्पष्टीकरण आहे, आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक शाळेत आहे, असा त्याचा आशय. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. जानेवारी २००५ मध्ये प्रशासनातल्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते वाचलं, आणि त्यावर प्रश्न विचारायला मुलांना परवानगी नव्हती. ‘दोन्ही बाजू’ म्हणताना एवढं लक्षात ठेवा. चर्चेसाठी म्हणून आणलेली बाजू वर्गात आली ती चर्चा बंद करून.

अकरा पालक कोर्टात गेले. हॅरिसबर्गला २६ सप्टेंबर २००५ पासून सुनावणी झाली. पहिले साक्षीदार, जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी गुणसूत्र क्रमांक २ चं हेच उदाहरण न्यायाधीशांसमोर मांडलं. डिझाइनच्या बाजूने जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल बीही उभे राहिले. रोगप्रतिकारक यंत्रणा कशी उत्क्रांत झाली याचं उत्तर विज्ञानाकडे नाही, असं त्यांचं म्हणणं. उलटतपासणीत त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध, नऊ पुस्तकं आणि पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं त्यांच्यासमोर ठेवली. ते एवढंच म्हणाले की हे पुरेसं नाही.

पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती त्या ‘पांडाज’ पुस्तकाच्या कच्च्या खर्ड्यांची गोष्ट. ती नीट ऐका, कारण ‘दुसरी बाजू’ तयार कशी झाली हे इतकं उघड्यावर क्वचितच येतं.

१९ जून १९८७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाचा कायदा रद्द केला. उत्क्रांती शिकवाल तर सृष्टिनिर्मितीचं ‘विज्ञान’ही शिकवा, असा तो कायदा होता, ७ विरुद्ध २ मतांनी तो धार्मिक, म्हणून घटनाबाह्य ठरला. डोव्हरच्या पालकांच्या वकिलांनी प्रकाशक संस्थेकडून पुस्तकाचे जुने खर्डे कोर्टामार्फत मागवले, आणि पालकांच्या बाजूच्या साक्षीदार, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी ते शेजारी शेजारी ठेवून तपासले. १९८३ च्या खर्ड्याचं नावच ‘क्रिएशन बायॉलॉजी’. निकालाआधीच्या खर्ड्यांत व्याख्या अशी, की क्रिएशन म्हणजे जीवांचे विविध प्रकार बुद्धिमान निर्मात्याकडून एकदम, आपापल्या वैशिष्ट्यांसह सुरू झाले, मासे पर-खवल्यांसह, पक्षी पिसं-चोचींसह. निकालानंतरच्या खर्ड्यात तेच वाक्य, तेच मासे, तेच पक्षी; फक्त ‘क्रिएशन’च्या जागी ‘इंटेलिजंट डिझाइन’. अशा सुमारे दीडशे जागा बदललेल्या. एके ठिकाणी ‘क्रिएशनिस्ट्स’ काढून ‘डिझाइन प्रोपोनन्ट्स’ घालताना जुना शब्द पूर्ण पुसला गेला नाही. त्याचं पहिलं अक्षर पुढे राहिलं, शेवटची अक्षरं मागे राहिली, आणि ‘सीडिझाइन प्रोपोनन्टसिस्ट्स’ असा शब्द खर्ड्यात उरला.

मधल्या काळात नवा प्रयोग, नवा जीवाश्म, नवी मोजणी, काहीही आलेलं नव्हतं. आला होता तो कोर्टाचा निकाल. पुरावा बदलला म्हणून विज्ञानाची पुस्तकं बदलतात, ती मी दर काही वर्षांनी बदललेली बघते. हे पुस्तक बदललं ते कायदा बदलला म्हणून. ते मुलांपुढे ‘बाजू’ म्हणून ठेवणं मला जमणार नाही. याला कोणी हेकेखोरपणा म्हटलं तरी.

२० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला: इंटेलिजंट डिझाइन विज्ञान नाही, आणि ते शाळेत आणणं घटनाबाह्य आहे. यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या काळातली, म्हणून ‘डाव्या न्यायाधीशाने दिला’ हेही म्हणता येत नाही.

त्या वेळी मला वाटलं होतं, विषय संपला. आज तसं म्हणवत नाही. हा जिल्हा न्यायालयाचा निकाल. त्याआधीच झालेल्या निवडणुकीत जुनं मंडळ हरलं, नव्या मंडळाने अपील केलं नाही, त्यामुळे तो वरच्या न्यायालयात गेलाच नाही आणि इतर राज्यांवर बंधनकारक नाही. सरकार धर्माला बढावा देतं का हे ठरवणाऱ्या ज्या १९७१ च्या कसोटीचा त्याला आधार होता, ती आपण सोडून दिल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. लुइझियानाने २००८ मध्ये आणि टेनेसीने २०१२ मध्ये डिझाइनचं नाव न घेता, ‘चिकित्सक विचारां’च्या नावाने शिक्षकांना मोकळीक देणारे कायदे केले. शिवाय विज्ञान काय हे न्यायाधीशाने ठरवावं का, हा प्रश्न कोणी विचारला तर तो मला पूर्ण परतवता येत नाही. प्रयोगशाळेत जो वाद कधी उभाच राहिला नाही तो कोर्टात न्यावा लागला, याचं मलाही वाईट वाटतं.

आणि खरं नुकसान कोर्टाला दिसत नाही. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात बर्कमन आणि प्लुट्झर या संशोधकांनी जीवशास्त्राच्या शिक्षकांची पाहणी मांडली. उत्क्रांती ठामपणे शिकवणारे २८ टक्के, सृष्टिनिर्मितीची बाजू उघड घेणारे १३ टक्के, आणि उरलेले सुमारे ६० टक्के वाद नको म्हणून विषय आवरता घेणारे. २०१९ च्या पाहणीत चित्र सुधारलं. पण तो ६० टक्क्यांतला शिक्षक मला परका वाटत नाही. पालकसभेत हात वर होतो तेव्हा पोटात गोळा येतो, तो मलाही ठाऊक आहे.

‘हे तिकडचं, आपल्याकडे असं नाही,’ असं पुण्याहून ऐकते. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेतच डार्विन चुकीचा असल्याचं सांगितलं, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही म्हणून. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून त्याचं खंडन केलं. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणात आनुवंशिकता तेवढी उरली. कारण दिलं अभ्यासाचा भार कमी करण्याचं. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी विरोधाचं पत्र काढलं. बारावीला विषय आहे, पण तो जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरता. बाकीच्यांचा जीवशास्त्राशी संबंध दहावीलाच सुटतो. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलंच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. ते तिथे राहावं यासाठी मराठी पालकांनी बोलायला हवं.

तुमच्या मुलांच्या इथल्या शाळेत जाल तेव्हा ‘दोन्ही बाजू शिकवता का’ याऐवजी हे विचारा: उत्क्रांती कोणत्या महिन्यात घेता, किती तास देता, आणि जीवाणू औषधांना दाद देईनासे होतात ते शिकवताना तिचा संबंध जोडता का? मे महिन्याच्या शेवटी दोन तास, असं उत्तर आलं तर शिक्षिकेवर चिडू नका. मुख्याध्यापकांची वेळ घ्या आणि तिला तास वाढवून मागा. उत्क्रांतीच्या बाजूने बोलायला पालक येतात असं त्यांच्या अनुभवात फारसं नसतं.