आतेचे मासे आणि नायट्राइटचे १९ दिवस

"सगळं पाणी बदल." गेल्या पावसाळ्यात आतेच्या माशांच्या घाण झालेल्या टाकीबद्दल हा सल्ला मला शेजाऱ्यांनी दिला, नातेवाइकांनी दिला आणि म्हापशाच्या एका दुकानदारानेही दिला. तो ऐकून एक मासा मी पहिल्याच रात्री गमावला. त्याची चुटपुट अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझी आते साखळीला एकटी राहते. तिचा मुलगा बोटीवर असतो. त्याने हौसेने घेतलेली काचेची टाकी, दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे काठोकाठ ७० लिटरची. आत चार गोल्डफिश. तो गेल्यापासून वर्षभर आतेने आटलेलं पाणी वरून भरलं, एवढंच. मे महिन्यात ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, बांबोळीला ऑपरेशन झालं आणि पुढे ती आमच्याकडे डिचोलीला राहिली. शेजारच्या वहिनींकडे किल्ली होती. त्या रोज सकाळी मूठभर दाणे टाकायच्या. त्यांना दोष देत नाही, कुणी सांगितलंच नव्हतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी घर उघडलं तेव्हा आधी वास आला. पाणी चहाच्या रंगाचं, तळाशी न खाल्लेल्या दाण्यांचा बुरशी आलेला थर, फिल्टर बंद. मासे वर तोंड काढून हवा घेत होते. शेपट्या फाटलेल्या, अंधारात राहून रंग फिका पडलेला. वहिनी दारातून म्हणाल्या, "कित्याक त्रास घेता गो? न्हंयत सोड." वाळवंटीत गोल्डफिश सोडणं मला पटलं नाही. हा मासा नदीतला नव्हेच. आणि आते रोज विचारत होती, "बाय, मासे बरे आहेत ना?"

मी तीन चतुर्थांश पाणी काढलं आणि नळाचं भरलं. टाकी लख्ख दिसली. रात्री एक मासा आडवा झाला.

कारण नंतर कळलं. टाकी महिनोन्‌महिने तशीच राहिली की पाणी हळूहळू आंबट होतं, पीएच (पाणी जितकं आंबट तितका हा आकडा कमी) सहाच्याही खाली जातो. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया अशा पाण्यात बहुतेक अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप फारसं विषारी नसतं. मासे त्या घाणीत कसेबसे तगतात ते यामुळे. त्यात एकदम नळाचं पाणी ओतलं की पीएच चढतो, आणि पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनियाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. म्हणून अशी टाकी हाती आली तर पहिले काही दिवस रोज दहा टक्केच पाणी बदला, तेही हळूहळू ओतून. दोन दिवस खाऊ बंद. एअर पंप मात्र पहिल्या तासाला चालू करा.

उरलेल्या तिघांचे पुढचे दोन आठवडे बरे गेले. अमोनिया उतरत उतरत शून्यावर आला. टेस्ट किट मी कुरियरने मागवली होती, थेंबांची. पट्ट्या घेऊ नका, दमट हवेत त्या पहिल्या आठवड्यातच बिघडल्या.

आणि मग नायट्राइट अडकला, उतरेचना.

फिल्टरमध्ये दोन जातींचे जिवाणू काम करतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. दुसरी तुकडी मागाहून येते, हे मी वाचलं होतं. आठवडाभर थांबायची तयारी होती. पण २० जुलैपासून रोज संध्याकाळी स्कूटरवरून भिजत साखळीला जायचं, नळीत थेंब घालायचे, पाच मिनिटं घड्याळाकडे बघायचं आणि पाणी तेच गडद जांभळं, म्हणजे नायट्राइट भरपूर. दहा दिवस झाले तरी तेच. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरला की रक्ताला प्राणवायू नेता येत नाही, कल्ले तपकिरी पडतात. सगळ्यात मोठा मासा दिवसभर एअर स्टोनच्या बुडबुड्यांपाशी उभा असायचा. त्याच्याकडे बघून माझा जीव वरखाली व्हायचा.

दुकानदाराने 'बॅक्टेरिया'च्या दोन बाटल्या गळ्यात मारल्या. काही फरक नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने पुन्हा तेच सांगितलं, सगळं पाणी बदला, फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा. एव्हाना मला एवढं ठाऊक झालं होतं की स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणूच मरतील. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा असतो. मी काही न बोलता परत आले. वाटेत रागाने रडले.

त्या दिवसांत मासे जगले ते मिठामुळे. लिटरमागे एक ग्रॅम खडे मीठ, आगरातलं, आयोडीन नसलेलं, बादलीत विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं घातलं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटला अडवतं. मीठ आटत नाही, तेव्हा जेवढं पाणी काढाल तेवढ्यापुरतंच नवं घाला. रोज पाव भाग पाणी बदलत होते, विहिरीचं, क्लोरीनच्या धास्तीने. आणि घोळ नेमका तिथेच होता.

फोंड्याला एक गृहस्थ बरीच वर्षं मासे पाळतात. ओळखीतून त्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "विहीर चिऱ्याची काय? केएच किती?" केएच म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा. तो मी कधी मोजलाच नव्हता. मोजायची पद्धत सोपी आहे. पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकायचा, निळ्याचं पिवळं व्हायला जितके थेंब लागले तितका केएच. टाकीच्या पाण्यात पहिल्याच थेंबाला पिवळं झालं. विहिरीच्या पाण्यातही पहिल्याच थेंबाला.

जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आंबट असतं, पावसाळ्यात तर आणखी पातळ. जिवाणूंना एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला सात मिलिग्रॅमच्या आसपास कार्बोनेट खर्चावं लागतं. ते संपलं, पीएच पुन्हा सहावर घसरला आणि जिवाणूंचं काम थंडावलं. रोज तळमळून पाणी बदलत होते, आणि त्या पाण्यात त्यांना लागतं तेच नव्हतं.

उपाय आतेच्या स्वयंपाकघरातच होता. रोज पाव चमचा खाण्याचा सोडा, विरघळवून. साधारण ६० लिटर पाण्यात याने केएच एक अंकापेक्षा कमीच चढतो, म्हणून पीएचला धक्का बसत नाही. पण अमोनिया शून्य असेल तरच हे करा, नाहीतर पहिल्या रात्रीसारखंच होईल. आणि कायमसाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या. उकळून, घासून, जरा ठेचून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरपाशी ठेवल्या. पाणी आंबट झालं की त्या विरघळतात, नाही झालं की तशाच राहतात.

केएच चारवर आला. ५ ऑगस्टला जांभळा रंग थोडा उतरल्यासारखा वाटला, खात्री नव्हती. ८ ऑगस्टला नळी स्वच्छ आकाशी, म्हणजे नायट्राइट शून्य. दोनदा तपासलं. मग तिथेच जमिनीवर बसून बोटीवरच्या भावाला व्हॉइस मेसेज पाठवला, नीट बोलताही येईना.

एक राहिलंच. ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. ते जिवाणू आयते मिळतात, कितीतरी आठवडे वाचतात. मला हे फोंड्याच्या त्याच गृहस्थांनी सांगितलं, पण तोवर काम झालं होतं. आणि पावसाळ्यात बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. वीज चार-चार तास जाते आणि आपल्याकडच्या कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. शेपट्यांना मी कुठलंही औषध घातलं नाही. स्वच्छ पाण्यात त्या महिन्याभरात आपोआप भरून आल्या, नवा भाग आधी पारदर्शक दिसतो, घाबरू नका.

चवथीआधी आते घरी आली. वॉकर धरून सरळ टाकीपाशी गेली आणि मोजले. तीन. चौथ्याचं मी तिला तेव्हाच सांगितलं, पहिल्या रात्रीसकट सगळं. ती काही बोलली नाही, काचेवर बोट टेकवून उभी राहिली. मोठा मासा बोटापाशी आला.

आता दाणे ती मोजून टाकते, आणि घरी तिसऱ्या झाल्या की मूठभर शिंपल्या धुऊन माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते.