टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष : माझगावचे काका बॅप्टिस्टा

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, हे शाळेच्या पुस्तकात असतं. पण त्या लीगचे अध्यक्ष टिळक नव्हते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. अध्यक्ष होते बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. टिळकांनी स्वतः एकही पद घेतलं नाही.

यामागे साधा हिशोब होता. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या काँग्रेसने आपली घटना बदलून टिळकांच्या गटाला परत यायची वाट मोकळी केली होती. काँग्रेसमधल्या नेमस्तांचा, म्हणजे मवाळांचा, संशय पुरता गेला नव्हता आणि सरकारची नजर तर कायमच टिळकांवर होती. अशा वेळी लीगच्या प्रमुखपदी असा माणूस हवा होता, ज्याला कायद्याची नस माहीत आहे, सभा रीतसर चालवता येते आणि ज्याच्याकडे बोट दाखवून ‘ही पुण्याच्या ब्राह्मणांची चळवळ आहे’ असं कुणाला म्हणता येणार नाही. बॅप्टिस्टा या तिन्ही गोष्टींत बसत होते. पण त्यांना शोभेचे अध्यक्ष समजणं चूक आहे. त्यांचा पुढचा-मागचा सगळा जीवनक्रम पाहिला की ते स्पष्ट होतं.

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ चा, माझगावच्या माथारपाखाडीतला. वडील मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. म्हणजे घराणं ईस्ट इंडियन कॅथलिक, याच मातीतलं. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव ऐकून पुष्कळांचा घोळ होतो. साष्टी, वसई, मुंबईच्या या मूळ रहिवाशांची घरातली बोली मराठीचीच. मुंबईत नोकरीला आलेल्या गोव्या-मंगळुरूच्या ख्रिश्चनांपासून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव घेतलं. ज्या समाजाने राणीच्या महोत्सवाचा मुहूर्त साधून नाव घेतलं, त्याच समाजातला माणूस २९ वर्षांनी स्वराज्य मागणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला. केवढं अंतर कापलं होतं त्यांनी!

शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. त्यानंतर केंब्रिजला राज्यशास्त्र आणि मग बॅरिस्टरी. इंग्लंडच्या राजकारणात आयर्लंडच्या होमरूलचा वाद तेव्हा गाजत होता. तो त्यांच्या मनात घर करून राहिला.

आता ‘होमरूल’ हाच शब्द का, हे नीट पाहू, कारण यात वकिली डोकं दिसतं. राजद्रोहाच्या कलम १२४-अ ला १८९८ मध्ये स्पष्टीकरणं जोडली गेली. त्यांचा आशय असा : सरकारविषयी अप्रीती पसरवणं गुन्हा आहे, पण सरकारच्या एखाद्या धोरणावर टीका करून ते कायदेशीर मार्गाने बदलून घेण्याचा प्रयत्न करणं गुन्हा नाही. ‘स्वराज्य’ हा शब्द तोवर सरकारदरबारी बदनाम झाला होता. ‘होमरूल’ हा मात्र खुद्द ब्रिटिश पार्लमेंटात वापरला जाणारा शब्द. साम्राज्यात राहून कारभार आपल्या हाती मागायचा, तोही सनदशीर मार्गाने, म्हणजे मागणी स्पष्टीकरणाच्या कक्षेत बसते. ही वाट किती पक्की आहे याची परीक्षा लगेच झाली. बेळगावच्या एका आणि अहमदनगरच्या दोन भाषणांबद्दल टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले गेले. हायकोर्टात जीनांनी बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला तो हुकूम रद्द झाला. लीगला याहून मोठी जाहिरात मिळाली नसती. एप्रिल १९१७ पर्यंत सभासद चौदा हजारांवर गेले.

ही सावधगिरी दोन खटल्यांनी शिकवली होती. पहिला १९०८ चा, टिळकांवरचा राजद्रोहाचा. टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला, तो एकवीस तासांहून अधिक चालला. बॅप्टिस्टा त्यांच्या मदतीच्या वकिलांत होते. त्या खटल्याची खरी गोम भाषणात नाही, ज्यूरीत आहे. ज्यूरी म्हणजे निकाल देणारे नागरिक पंच. सरकारने ‘स्पेशल ज्यूरी’ मागितली. तिची यादी मोठे व्यापारी आणि मालदार लोकांची, म्हणजे बहुतांश युरोपियन. बचावाने विरोध केला, पण अर्ज मंजूर झाला. नऊ जण बसले : सात युरोपियन, दोन पारशी. लेख ‘केसरी’तले, मराठी, आणि पंचांपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं. शब्दाची छटा भाषांतरात बदलली की गुन्ह्याचा हेतूच बदलतो, हे टिळक पुन्हा पुन्हा सांगत राहिले. निकाल सात विरुद्ध दोन. हायकोर्टात नवांपैकी सहा जणांचं एकमत आणि न्यायाधीशाची संमती पुरेशी असे, त्यामुळे दोघांच्या मताला किंमत उरली नाही. सहा वर्षं काळं पाणी, हजार रुपये दंड. न्यायमूर्ती होते दावर. याच दावरांनी १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता.

दुसरा खटला १९१० चा, सावरकरांचा. तिथे बचाव बॅप्टिस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे होता. या वेळी ज्यूरीच नव्हती. १९०८ च्या नव्या कायद्याने तीन न्यायाधीशांचं खास न्यायपीठ, आणि त्याच्या निकालावर अपील नाही. मार्सेयला फ्रेंच भूमीवर पकडलेल्या माणसावर मुंबईत खटला चालवता येतो का, हा मुख्य मुद्दा. न्यायपीठाने म्हटलं, आरोपी आमच्यापुढे हजर आहे, तो कसा आणला गेला हे आम्ही पाहणार नाही. २३ डिसेंबर १९१० ला जन्मठेप. अवघ्या अडीच वर्षांत बचावाच्या हातातली दोन हत्यारं, ज्यूरी आणि अपील, कशी काढून घेतली गेली हे बॅप्टिस्टांनी कोर्टात उभं राहून पाहिलं होतं. संघटना कायद्याच्या चौकटीत बांधण्याचा त्यांचा आग्रह तिथून आला असावा, असं मला वाटतं.

वकिलीसोबत मुंबई महापालिका होतीच. १९०१ मध्ये ते निवडून आले आणि सतरा वर्षं तिथे राहिले. १८८८ च्या कायद्याने पालिकेत ७२ सभासद, त्यांतले वॉर्डांतून निवडलेले फक्त ३६. बाकीचे सरकारने नेमलेले किंवा जस्टिस ऑफ द पीस (मानद दंडाधिकारी), विद्यापीठ आणि व्यापारी चेंबरने पाठवलेले. मत फक्त करदात्याला. चाळीत भाड्याने राहणारा गिरणी कामगार मतदारच नव्हता. १९२२ मध्ये महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्याला मत मिळालं आणि सभासद १०६ झाले. तरीही दहा रुपये भाड्याची खोली कामगाराच्या आवाक्यातली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. १९२५-२६ मध्ये बॅप्टिस्टा याच पालिकेचे प्रमुख झाले.

१९१७ मध्ये ते लीगच्या कामासाठी इंग्लंडला गेले आणि तिथल्या मजूर पक्षाशी संधान बांधलं. हा दौरा पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो, पण त्याने त्यांच्या पुढच्या कामाची दिशा ठरली. टिळकांच्या शिक्षेनंतर १९०८ च्या जुलैत मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद होत्या, वर्षाला एक दिवस या हिशोबाने. ती ताकद त्या सहा दिवसांपुरती उसळून विरली होती. तिला कायमची संघटना हवी होती.

संधी आली पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातून. आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला कामगारांचा प्रतिनिधी पाठवताना देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक कामगार संघटनेच्या संमतीने निवडावा, अशी त्यात अट. पण अखिल भारतीय संघटनाच नसेल तर संमती कुणाची? मग सरकार आपल्या पसंतीचं नाव पाठवायला मोकळं. १९१९ मध्ये तसंच झालं. म्हणून ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईच्या एम्पायर थिएटरात आयटक, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, उभी राहिली. अध्यक्ष लाला लजपतराय, उपाध्यक्ष बॅप्टिस्टा. पुढच्या वर्षीचं अधिवेशन झरियाच्या कोळसा पट्ट्यात, खाणमालकांच्या विरोधात जाऊन भरलं आणि त्याचे अध्यक्ष बॅप्टिस्टाच होते. १९२४ मध्ये ते जिनिव्हाला त्याच आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले.

त्या काळी युनियन चालवणं धोक्याचं होतं. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा येईपर्यंत मालक पुढाऱ्यांवर कट केल्याचा दावा लावू शकत. मद्रासला बकिंगहॅम मिलच्या प्रकरणात तसा मनाई हुकूम मिळालाही होता. त्यामुळे युनियनला बॅरिस्टर पुढारी असणं ही चैन नव्हती, गरज होती. नव्या कायद्यानेही निम्मे पदाधिकारी बाहेरचे असायला परवानगी दिली. मुंबईच्या टपालवाल्यांनी आणि गिरणी कामगारांनी या बॅरिस्टराला ‘काका’ म्हटलं. मराठी घरात ही हाक सहज मिळत नाही.

१९२० च्या सुरुवातीला ते एका सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची जुळवाजुळव करत होते आणि पक्षाच्या मुंबईतल्या इंग्रजी पत्राचं संपादन करायला त्यांनी श्री अरविंदांना बोलावलं. अरविंदांनी ५ जानेवारी १९२० ला पाँडिचेरीहून सविस्तर नकार कळवला. पत्र वाचण्यासारखं आहे, अरविंदांच्या चरित्रसाधनांत मिळतं. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले.

काकांविषयी वाचताना काही ठिकाणी थांबून तपासावं लागतं. केंब्रिजमध्ये त्यांची टिळकांशी भेट झाली असं जागोजागी लिहिलेलं सापडतं. टिळक आयुष्यात एकदाच इंग्लंडला गेले, १९१८ मध्ये, इंग्रज पत्रकार चिरोल यांच्यावर त्यांनी लावलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी. तेव्हा काकांचं केंब्रिज सुटून कैक वर्षं झाली होती. भेट मुंबई-पुण्यातच झाली असणार. ‘मुंबईचे महापौर’ हे आजच्या भाषेत ठीक, पण त्या पदाला तेव्हा ‘अध्यक्ष’ म्हणत. मेयर हे नाव १९३१ मध्ये आलं. ॲनी बेझंट यांची लीग सप्टेंबर १९१६ ची आणि वेगळी. दोन्ही एक करून टाकल्या की काकांचं अध्यक्षपदच गायब होतं. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ ही घोषणा काकांनी सुचवली असं म्हणतात. टिळकांच्या ओठी ती अमर झाली हे खरं. सुचवली कुणी याचा पुरावा दाखवल्याशिवाय मी ते ठामपणे लिहिणार नाही. त्यांच्या नावावर मांडण्यासारखं पक्कं काम पुष्कळ आहे, त्यांना उसन्या श्रेयाची गरज नाही. शोधताना ‘बॅप्टिस्टा’ आणि ‘बाप्टिस्टा’ दोन्ही लिहून पाहा.

१९३० मध्ये काका गेले. दफन शिवडीच्या दफनभूमीत आहे. त्यांचं नाव दिलेली बाग माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर आहे. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरायचं आणि चढ चढायचा. पायाखाली पालिकेचा पाण्याचा मोठा साठा, समोर गोदी आणि बंदर. माथारपाखाडी तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. लाकडी जिने आणि कौलारू छपरांची काही घरं अजून उभी आहेत, तोवर ती गल्ली पाहून घ्या.