मराठी फाँट डेबियनमध्ये आणताना: कस लागतो तो माहिती भरताना

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिच्यावर सॉफ्टवेअर सहज बसवता यावं म्हणून बांधलेली गठडी म्हणजे पॅकेज. फाँटचं असं पॅकेज करायचं तर प्रोग्रॅमिंग जवळजवळ नसतंच. फाँटच्या टीटीएफ फायली ठरलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसल्या की तांत्रिक भाग संपला. उरतं ते माहिती भरण्याचं काम: हे काय आहे, कोणाचं आहे, परवाना कोणता, आवृत्ती कितवी. ही माहिती अर्धवट राहिली की उत्तम फाँटसुद्धा कोणाच्या हाती लागत नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

ठाण्यात किसननगरच्या एका अभ्यासिकेतले जुने कॉम्प्युटर मी सांभाळतो. सगळ्यांवर डेबियन आहे आणि मुलं तिथेच मराठी टायपिंगचा सराव करतात. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसावेत, 'दऱ्या'मधला र नीट उमटावा, हा माझा आग्रह. मुक्त परवान्याचा एक फाँट यात अगदी चोख होता. मजकुराची भाषा मराठी असल्याचं कळलं की तो आपणहून मराठी वळणं देतो. पण सगळी पॅकेजं जिथून उतरवून घेता येतात, त्या डेबियनच्या भांडारात तो नव्हता. प्रत्येक मशीनवर हाताने टाकत बसण्यापेक्षा सगळ्यांसाठीच तो तिथे आणावा, असं ठरवलं.

पहिलं पाऊल म्हणजे आयटीपी. 'हे पॅकेज मी करायला घेतोय' अशी जाहीर नोंद डेबियनच्या बग यंत्रणेत करायची. तिचा क्रमांक चेंजलॉगमध्ये, म्हणजे पॅकेजमधल्या बदलांच्या नोंदींमध्ये, 'क्लोजेस'पुढे लिहिला की पॅकेज भांडारात दाखल होताच नोंद आपोआप बंद होते.

मग कंट्रोल फाईल, म्हणजे पॅकेजची ओळख सांगणारी फाईल. पॅकेजचं नाव 'फाँट्स-' असं सुरू करायचं, सेक्शन 'फाँट्स', प्रायॉरिटी 'ऑप्शनल', आर्किटेक्चर 'ऑल', कारण फाँट कुठल्याही प्रोसेसरवर सारखाच. मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारे, म्हणून डेबियनच्या फाँट टीमचं नाव दिलं आणि अपलोडर्समध्ये माझं. फाईल सगळ्या लिप्या चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत असते, त्यामुळे नाव देवनागरीत लिहिता येतं. मी तसंच लिहिलं.

वर्णनावर मात्र मी मनापासून वेळ घातला. मूळ प्रकल्पाच्या पानावर 'भारतीय लिप्यांसाठी देखणा फाँट' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. पॅकेज शोधायची 'ॲप्ट सर्च' ही आज्ञा शोधते ते पॅकेजच्या नावात आणि वर्णनात. वर्णनात 'मराठी' हा शब्दच नसेल, तर मराठी फाँट शोधणाऱ्याला हे पॅकेज दिसणार कसं? म्हणून एका ओळीच्या सारांशात देवनागरी आणि मराठी दोन्ही आणले. या ओळीचे नियम कडक आहेत: ८० अक्षरांच्या आत, सुरुवातीला इंग्रजी 'a' किंवा 'the' नाही, पॅकेजचं नाव पुन्हा नाही. कौतुकाची विशेषणं तर नकोतच. खालच्या सविस्तर वर्णनात प्रत्येक ओळ एक जागा सोडून सुरू होते आणि रिकाम्या ओळीच्या ठिकाणी एक जागा सोडून टिंब द्यावं लागतं. तिथे मी मराठी ल-श आणि 'दऱ्या'मधला र यांचा स्पष्ट उल्लेख केला. फाँट निवडताना मराठी माणूस तेच बघतो.

आवृत्तीचा क्रमांक दिसायला क्षुल्लक, पण तिथे फार जपायला हवं. मूळ प्रकल्पाने तेव्हा २.० ची बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, दिली होती. ती '२.०बीटा१' अशी लिहिली, तर डेबियनच्या हिशेबात ती २.० पेक्षा मोठी ठरते आणि पक्की आवृत्ती आल्यावर कोणाचंच पॅकेज अपडेट होत नाही. मध्ये टिल्डे टाकून '२.०~बीटा१' लिहिलं की ती २.० च्या आधीची धरली जाते. हे एकदा बिघडलं तर आकड्याच्या आधी एपॉक नावाचा जादा आकडा लावून सावरता येतं, पण तो एपॉक त्या पॅकेजला कायमचा चिकटतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला कॉपीराइट फाईलमध्ये, आणि जायलाच हवा. प्रकल्पासोबतच्या परवान्याच्या फाईलमध्ये ओएफएल १.१ हा फाँटसाठीचा मुक्त परवाना होता. पण फाँटच्या आत 'नेम टेबल' असतं. त्यात हक्क, परवाना, परवान्याचा पत्ता हे सगळं वेगळं नोंदलेलं असतं. ते उघडलं तर रोमन अक्षरं दुसऱ्याच एका मुक्त फाँटमधून घेतल्याचा उल्लेख मिळाला, त्यांचे हक्कधारकही वेगळे. आणखी एका वजनाच्या, म्हणजे अक्षरांच्या जाडीच्या, फायलीत परवान्याची जागा कोरीच. फाँट करणाऱ्यांना पत्र लिहिलं. त्यांनी आपुलकीने उत्तर दिलं आणि पुढच्या आवृत्तीत ती जागा भरली. मग प्रत्येक हक्कधारकाचं नाव आणि वर्ष नीट लिहिलं. या फाईलमध्ये एकाच फायलीला दोन परिच्छेद लागू पडत असतील तर शेवटचा धरतात, म्हणून सगळ्यांना लागू होणारा परिच्छेद वर आणि अपवाद खाली. दुसऱ्याच्या मेहनतीवर त्याचं नाव राहावं, ही काळजी डेबियन इतक्या बारकाईने घेतं याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या लिंटियन या प्रोग्रॅमने किरकोळ सूचना दिल्या, त्या निस्तरल्या. थेट अपलोड करण्याचा हक्क डेबियन डेव्हलपरचा, म्हणून माझ्या वतीने अपलोड करणारा स्पॉन्सर शोधावा लागला. फाँट टीममधल्या एका अनुभवी व्यक्तीने ओळ न ओळ तपासली आणि 'मल्टी-आर्च: फॉरेन' जोडायला सांगितलं, म्हणजे दुसऱ्या आर्किटेक्चरच्या पॅकेजलाही हा फाँट चालतो. तिथून पॅकेज नव्या पॅकेजांच्या 'न्यू' रांगेत गेलं. या रांगेत नवी पॅकेजं तपासणारी डेबियनची माणसं परवाने स्वतः वाचतात. तिथे घाई करून उपयोग नसतो.

मंजुरी आली आणि पॅकेज अनस्टेबल या डेबियनच्या सगळ्यात ताज्या शाखेत दाखल झालं. पण काम तिथेच थांबत नाही, हे नव्या लोकांना कोणी सांगत नाही. नव्या पॅकेजसाठी बायनरीसुद्धा, म्हणजे बसवायला तयार असलेली फाईलसुद्धा, आपणच चढवावी लागते, आणि २०१९ पासून डेबियनच्या स्वतःच्या बिल्ड मशीनवर न बनलेली बायनरी टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढच्या पक्क्या डेबियनची तयारी होते त्या शाखेत, जात नाही. म्हणून चेंजलॉगमध्ये पुढची नोंद घालून, फक्त सोर्स, म्हणजे पॅकेज ज्यातून बनतं त्या मूळ फायली, असलेला दुसरा अपलोड स्पॉन्सरकडून करून घेतला. तो तिथे बिल्ड झाला आणि मग पॅकेज टेस्टिंगमध्ये उतरलं.

डेबियनमध्ये पॅकेजांच्या वर्णनांचे अनुवादही घेतले जातात. या पॅकेजचं मराठी वर्णन मी आता लिहायला घेतलंय.